दर सेकंदाला २६० पुडे मीठ

दर सेकंदाला २६० किलो. वाण्याकडे मिठाचा एक किलोचा पुडा मिळतो ना, तसे २६० पुडे. एवढं वाचेपर्यंत हजारभर पुडे पाण्यात विरघळून पुढे निघूनही गेले. दिवसा, रात्री, रविवारी, दिवाळीत. दर मिनिटाला एक दहाचाकी ट्रक भरून मीठ नदीत ओतायचं आणि वर्षभर हात थांबवायचा नाही, असं कुणी ठरवलं तर जे होईल, ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीत आपलं आपण होतं. ट्रक नाही, हमाल नाही. डोंगर, झरे, शेतं आणि ऊन मिळून हे काम करतात.

या नदीवरच्या हूव्हर धरणाखालून वाहून जाणाऱ्या क्षारांचा तिथे वर्षानुवर्षं सांगितला जाणारा आकडा आहे वर्षाला सुमारे ९० लाख अमेरिकी टन. आपल्या मापात साधारण ८२ लाख टन. ८२ लाख म्हणजे किती? चला, मालगाड्या लावू.

एका लांबलचक मालगाडीत ढोबळमानाने ४,००० टन माल मावतो. म्हणजे वर्षाला २,०५० मालगाड्या! रोज साडेपाच. दर सव्वाचार तासांनी एक. आता इंजिन धरून एकेक गाडी ६५० मीटरची समजा आणि सगळ्या एकामागे एक उभ्या करा. मुंबईहून रांग लावायला घेतली की सुरत जातं, बडोदा जातं, रतलाम जातं, कोटा जातं, मथुरा मागे पडते, तरी रांग सरत नाही. १,३३० किलोमीटर! दिल्ली जेमतेम पन्नास किलोमीटर उरते. आणि हे फक्त एका वर्षाचं मीठ. पुढच्या वर्षी पहिल्या जानेवारीपासून नवी रांग.

अजून नीट बसलं नसेल तर ताटाकडे बघा. माणशी दिवसाला दहा ग्रॅम मीठ धरलं, तर २०११च्या जनगणनेतला सव्वाअकरा कोटींचा महाराष्ट्र वर्षाला चार लाख टनांच्या आसपास मीठ खातो. कोलोरॅडोचं एका वर्षाचं मीठ महाराष्ट्राला वीस वर्षं पुरेल. अख्ख्या भारताला, १४० कोटी तोंडांना, वर्षभर पुरून वर तीस लाख टन उरेल! अर्थात हे ताटात वाढायचं मीठ नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सल्फेट, क्लोराइड असा सगळा विरघळलेला गोतावळा आहे. पण वजन ते वजन.

आता मालगाडीवरून खाली उतरू आणि हातात एक बादली घेऊ. आंघोळीची, वीस लिटरची. पुढची सगळी गोष्ट आपण या एका बादलीने मोजणार आहोत. घरी आरओ बसवायला आलेला माणूस पेनाएवढं मीटर पेल्यात बुडवतो, त्यावर टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा, आकडा उमटतो आणि त्या आकड्यावर आपलं बिल ठरतं. तोच हा आकडा. रॉकी पर्वतात, बर्फ वितळून नदी जिथे जन्म घेते तिथे, लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम. म्हणजे बादलीत एक ग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही. आपल्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे बादलीत दहा ग्रॅम. हा एक ग्रॅमचा झरा दोन हजारांहून जास्त किलोमीटर वाहून मेक्सिकोच्या वेशीशी पोचतो तेव्हा त्याच बादलीत पंधरा-सोळा ग्रॅम भरलेले असतात.

वाटेत हे मिसळतं कोण? १९७१ साली हिशेब मांडला गेला. खारेपणातला ४७ टक्के वाटा निसर्गाचा, ३७ टक्के शेतीच्या पाण्याचा, १२ टक्के धरणांतून होणाऱ्या बाष्पीभवनाचा, आणि शहरं व कारखाने मिळून फक्त चार टक्के.

निसर्गाची करामत आधी बघा. कोलोरॅडो राज्यात ग्लेनवुड आणि डॉटसेरो इथे गरम पाण्याचे झरे आहेत. ग्लेनवुडच्या मोठ्या कुंडात पर्यटक गळ्यापर्यंत बुडून मजेत बसलेले असतात. ते बसलेले असतात तेव्हा शेजारून झरे नदीत मीठ सोडत असतात, वर्षाला चार लाख टन. शंभर मालगाड्या! पुढे ॲरिझोनात लिटल कोलोरॅडो नदीच्या मुखाजवळ ब्लू स्प्रिंग्ज नावाचे झरे आहेत. ते वर्षाला पाच लाख टन सोडतात. म्हणजे झऱ्यांचा हा एक पुंजका महाराष्ट्र खातो त्याच्यापेक्षा जास्त मीठ नदीला देतो. याला नळ नाही, चावी नाही, पाणीपट्टी नाही.

मग शेती. कोलोरॅडो राज्यातल्या ग्रँड व्हॅलीतला मातीचा पाट डोळ्यांसमोर आणा. पाणी पाटातून जातं, थोडं झिरपतं, खालच्या करड्या शेलच्या थरात उतरतं आणि जमिनीखालून हळूहळू परत नदीला मिळतं. येताना रिकाम्या हाताने येत नाही. हा शेल म्हणजे आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी तिथे पसरलेल्या समुद्राचा गाळ. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे हे मीठ राजगड-रायगडच्या दगडाहूनही म्हातारं. या एका खोऱ्यातल्या पाटपाण्याने नदीत जाणारं मीठ वर्षाला सव्वापाच लाख टनांच्या घरात मोजलं गेलं. आणखी १३० मालगाड्या. शिरोळ-मिरजेकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी जास्त झालं, निचरा झाला नाही, की काळ्या रानावर पांढरा थर कसा फुलतो आणि जमीन क्षारपड कशी होते, हे कृष्णाकाठाने पाहिलेलं आहे.

तिसरा भिडू ऊन. हूव्हर धरणामागचा लेक मीड हा जलाशय काठोकाठ भरला तर त्यात बारा कोयना मावतात. बारा! आणि नेवाडाच्या वाळवंटातलं ऊन त्यातून वर्षाला पंचवीस टीएमसीच्या आसपास पाणी नुसतं उडवून नेतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं तुडुंब भरली की २९ टीएमसी होतात. पुण्याच्या डोक्यावरचा जवळजवळ सगळा साठा दरवर्षी आकाशात! पाणी उडतं, मीठ मात्र एक ग्रॅमही उडत नाही. ते मागे राहतं आणि उरलेलं पाणी आणखी खारं होतं.

थांबा, खरी चमत्कारिक जागा अजून यायची आहे. तिचं नाव पॅराडॉक्स व्हॅली. इथून डोलोरेस नावाची उपनदी जाते, आणि तिच्या पोटाखाली तीस कोटी वर्षांपूर्वीच्या मिठाचा डोंगर गाडलेला आहे. त्या मिठातून वर येणारं पाणी किती खारं? आपली बादली घ्या. समुद्राच्या पाण्याच्या बादलीत ७०० ग्रॅम मीठ असतं. पॅराडॉक्सच्या बादलीत पाच किलो! समुद्राच्या सातपट. हे पाणी नदीत मिसळण्याआधीच उपसायचं आणि परत जमिनीत गाडायचं, असं ठरलं. गाडायला विहीर खणली. किती खोल? आपल्या गावातली विहीर पन्नास फुटांची धरली तर अशा ३२० विहिरी एकीखाली एक. जवळजवळ १६,००० फूट, ४.८ किलोमीटर! महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. त्या विहिरीत तीन कळसूबाई एकावर एक उभ्या केल्या तर तिसरीचा माथा जेमतेम जमिनीबाहेर डोकावेल.

आणि या विहिरीतून पाणी काढत नाहीत, घालतात. बरीच वर्षं मिनिटाला सुमारे ८७० लिटर खारं पाणी, मोटारीच्या टायरातल्या हवेच्या दीडशे पट दाबाने, पाताळात ढकलायचं. दर दीड सेकंदाला एक बादली, बादलीमागे पाच किलो. वर्षाला एक लाख टन, म्हणजे पंचवीस मालगाड्या जमिनीच्या पोटात. पण पोटालाही हद्द असते. आसपास हजारो बारीकसारीक भूकंप नोंदले गेले. २००० साली ४.३ तीव्रतेचा, आणि मार्च २०१९मध्ये ४.५ चा. धरणाच्या पाण्याने धरणी हलते हे कोयनेने १९६७ साली आपल्याला दाखवलं होतं. इथे मिठाच्या पाण्याने हलली. २०१९च्या धक्क्यानंतर विहीर बंद झाली आणि पुढे २०२२ साली कमी वेगाने पुन्हा चालू झाली.

एवढा खटाटोप का? कारण नदीच्या शेवटाला दुसरा देश आहे. १९४४च्या करारानुसार अमेरिकेने मेक्सिकोला दरवर्षी १५ लाख एकर-फूट पाणी द्यायचं, म्हणजे आपल्या हिशेबात ६५ टीएमसी. कोयनेच्या साठ्याचा साठ टक्के भाग. पाणी किती ते करारात होतं, कसं ते नव्हतं. १९६१ साली ॲरिझोनातल्या वेल्टन-मोहॉक भागातल्या शेतांखालचं खारं पाणी पंपांनी उपसून नदीत सोडायला सुरुवात झाली. त्या पाण्याच्या बादलीत १२० ग्रॅम. मेक्सिकोला मिळणाऱ्या बादलीत एका टप्प्यावर ५४ ग्रॅम! मेक्सिकाली खोऱ्यातली पिकं करपली, शेतकरी रस्त्यावर उतरले आणि मामला दोन राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर गेला.

बारा वर्षं घासाघीस चालली. १९७३च्या ऑगस्टमध्ये तोडगा निघाला, आणि तो ऐकून हसावं की थक्क व्हावं कळत नाही. ठरलं असं, की मेक्सिकोला मिळणारं पाणी अमेरिकेच्या हद्दीतल्या इम्पिरियल धरणापाशी असलेल्या पाण्यापेक्षा लिटरला फार तर ११५ मिलिग्रॅम जास्त खारं असेल, तीस इकडे किंवा तीस तिकडे. आपल्या बादलीत मोजा: दोन ग्रॅम आणि वर तीन दशांश! लाखो टनांची नदी, दोन सार्वभौम देश, बारा वर्षांचा वाद, आणि सही झाली ती बादलीतल्या सव्वादोन ग्रॅमवर.

पण सही करणं सोपं, ग्रॅम पाळणं अवघड. त्यासाठी कायदा हवा, कायद्याला पैसा हवा आणि पैशाला राज्यांचा होकार हवा. ती राज्यं कोणती? वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, नेवाडा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया. या सात जणांचं एकमेकांशी कसं होतं? १९२२ साली पाणीवाटपाचा करार झाला, त्यावर ॲरिझोनाने १९४४ साली होकार दिला. बावीस वर्षं! १९३४ साली ॲरिझोनाच्या गव्हर्नरने पार्कर धरण थांबवायला सशस्त्र नॅशनल गार्ड नदीकाठी पाठवलं होतं. ॲरिझोना विरुद्ध कॅलिफोर्निया हा खटला १९५२ साली सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल लागला १९६३ मध्ये. कृष्णा आणि कावेरीची भांडणं ऐकत मोठे झालेल्या आपल्याला हे सगळं ओळखीचं वाटेल.

पाण्याच्या थेंबाथेंबावर भांडणारी ही सात राज्यं मिठाच्या प्रश्नावर मात्र एका रांगेत उभी राहिली. १९७३ साली त्यांनी खारेपणावर नजर ठेवायला सामाईक मंडळ उभं केलं. २४ जून १९७४ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कोलोरॅडो खोरे क्षारता नियंत्रण कायद्यावर सही केली. वॉटरगेटमध्ये त्यांची खुर्ची जायला तेव्हा सेहेचाळीस दिवस उरले होते! पुढच्याच वर्षी सातही राज्यांनी तीन आकडे मान्य केले: हूव्हर धरणाखाली ७२३, पार्करखाली ७४७, इम्पिरियलपाशी ८७९ मिलिग्रॅम. बादलीत साडेचौदा, पंधरा, साडेसतरा ग्रॅम. दर तीन वर्षांनी हिशेब तपासायचा. पन्नासेक वर्षं झाली आणि या तिन्ही रेषांपैकी एकही ओलांडली गेलेली नाही.

ही एकी का झाली, याचं उत्तरही आकड्यातच आहे. वरच्या राज्यातलं मीठ खालच्या राज्याच्या नळात येतं. चार कोटी लोक ही नदी पितात, ५५ लाख एकर तिच्यावर भिजतं. महाराष्ट्रातलं उसाचं सगळं क्षेत्र मोजलं तरी ते यापेक्षा कितीतरी कमी भरेल. खाऱ्या पाण्याने नळ गंजतात, गिझर बसतात, पिकं उतरतात. हे नुकसान वर्षाला ३० कोटी डॉलरच्या वर धरलं जातं. डॉलरला सोयीसाठी ८५ रुपये धरा: २,५५० कोटी रुपये! रोजचे सात कोटी. मिनिटाला ४८,५०० रुपये. एवढा लेख वाचेपर्यंत पाच लाख रुपये मिठाने खाल्ले.

मग बिल कसं भरायचं? वरच्या भागातल्या कामांना साधारण रुपयात सत्तर पैसे केंद्राचे आणि तीस पैसे राज्यांच्या वाट्याचे. राज्यांचा वाटा नदीच्याच विजेतून येतो. हूव्हर, पार्कर आणि डेव्हिस धरणांच्या विजेवर युनिटमागे अडीच मिल, म्हणजे पाव सेंट. एकवीस पैसे! थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच. एकट्या हूव्हरने एखाद्या वर्षी ४०० कोटी युनिट वीज दिली तर एकवीस-एकवीस पैशांचे ८५ कोटी रुपये होतात. गंमत अशी, की दुष्काळ पडला की धरणात पाणी कमी, पाणी कमी की वीज कमी, आणि वीज कमी की मीठ अडवायला पैसा कमी. म्हणून दरवर्षी सातही राज्यांची माणसं वॉशिंग्टनपुढे एकच म्हणणं घेऊन उभी राहतात: क्षारता नियंत्रण कायद्याचा निधी आटू देऊ नका.

पैसा गेला कुठे? एक भाग गेला ॲरिझोनातल्या युमाच्या कारखान्यात. खारं पाणी गोडं करून मेक्सिकोला द्यायचं, रोज २७ कोटी लिटर! मुंबईने मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा जो प्रकल्प आखला आहे, त्याचा पहिला टप्पा २० कोटी लिटरचा. युमा त्याहून मोठा. खर्च २५ कोटी डॉलर, म्हणजे २,१२५ कोटी रुपये. १९९२ मध्ये उभा राहिला. आणि चालला किती? सुरुवातीला सहाएक महिने, २००७ साली तीन महिने, २०१०-११ मध्ये वर्षभर. तीस वर्षांत सगळं मिळून दोन वर्षंही नाहीत, तेही पूर्ण क्षमतेने कधीच नाही. जे खारं पाणी तो गोडं करणार होता ते कालव्याने मेक्सिकोतल्या वाळवंटात सोडलं, तर तिथे चाळीस हजार एकरांच्या आसपास पाणथळ फुलली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दीडपट!

आणि जिथे गाजावाजा झाला नाही तिथे काम झालं. मातीच्या पाटांना अस्तर घातलं. उघड्या चाऱ्यांच्या जागी पाइप पुरले. पाट मोडून तुषार सिंचन आलं. पाणी झिरपायचं थांबलं, म्हणजे मीठ नदीत यायचं थांबलं. एकेका शेतात पाहाल तर काही दिसणार नाही: एक पाइप, एक झडप, वर गवत. पण खोऱ्यातले असे हजारो तुकडे जोडा. वर्षाला १२ लाख अमेरिकी टनांहून जास्त मीठ नदीत शिरण्याआधी अडतं. आपल्या मापात जवळपास ११ लाख टन. २७० मालगाड्या! सीएसएमटीवरून उभ्या करत निघा. ठाणे गेलं, कल्याण गेलं, कर्जत गेलं, बोरघाट चढला, लोणावळा गेलं, तळेगाव गेलं. रांग संपते ती थेट चिंचवडला. मुंबई-पुण्याच्या रुळावर एक फूट जागा नाही, सगळीकडे मीठच मीठ, आणि यातला एक कणही नदीत नाही!

दहा वर्षांत २,७०० गाड्या. १,७५५ किलोमीटर. मुंबईहून दिल्ली गाठून पुढे आणखी पावणेचारशे किलोमीटर. आणि शेवटचा भागाकार करा: नव्वद लाखांना बारा लाखांनी भागा. साडेसात! दर साडेसात वर्षांनी नदीच्या अख्ख्या एका वर्षाइतकं मीठ हे सात भांडखोर शेजारी मिळून बाहेर ठेवतात. साडेसाती म्हटलं की आपण हात जोडतो. कोलोरॅडोची ही साडेसाती मात्र चालू राहावी म्हणून सातही राज्यं दरवर्षी अर्ज करतात.